गर्भपिशवीतील गाठ आणि आपल्या मायबहिणी

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही जो विषय घेतला आहे, त्याचे नाव चारचौघांत कोणी काढत नाही. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये ही विनंती. बाईला दवाखान्यात कधी न्यायचे, एस.टी.चे भाडे कुठून काढायचे, हे घरात बहुधा तेच ठरवतात.

जव्हार-मोखाड्याची बाई दुखणे अंगावर काढते. आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जाते, रक्ताच्या गुठळ्या पडतात, तरी "बाईच्या जातीला हे असायचंच" म्हणून सासूबाई गप्प बसवतात. त्यांनाही त्यांच्या सासूने असेच गप्प बसवलेले असते. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्याचे हाल. डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण म्हणतो, ऊन लागलं. पुष्कळदा अंगातले रक्तच कमी झालेले असते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८! आपल्याकडे वेगळे असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता गाठीविषयी. डॉक्टर तिला फायब्रॉइड म्हणतात. गर्भपिशवीच्या स्नायूतच ती वाढते. मसुराएवढी असते, नारळाएवढीही होते. तिशी ते पन्नाशीत जास्त आढळते. शरीरातील स्त्री-संप्रेरकांवर ती पोसते, म्हणून पाळी गेल्यावर बहुधा आकसते. ती कर्करोग नव्हे. गाठ म्हटले की घरात रडारड सुरू होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अशा गाठीत कर्करोग निघणे फारच विरळा. कितीतरी बायकांना गाठ असूनही काहीच त्रास नसतो, त्यांना उपचारही लागत नाही.

त्रास ठरतो तो गाठीच्या जागेवर. पिशवीच्या आतल्या अस्तराकडे असेल तर बोराएवढी गाठसुद्धा भरमसाट रक्त घालवते. बाहेरच्या बाजूला असेल तर मोठी होऊनही पाळी नेहमीसारखी राहते. फक्त ओटीपोट जड वाटते, लघवीला सारखे जावे लागते, शौचास साफ होत नाही. काहींना दिवस राहत नाहीत किंवा गर्भ टिकत नाही, आणि घरचे सुनेला बोल लावतात. त्यात तिचा काय दोष?

सात दिवसांहून जास्त जात असेल, तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागत असेल, तर थांबू नये. जव्हारला पतंगशाह रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. आधी रक्त तपासून घ्यावे. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे. आठच्या खाली गेले तर ते गंभीर समजावे. आपल्या भागात सिकलसेलही आहे, तेव्हा तीही तपासणी करून मगच लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गाठ सोनोग्राफीत दिसते. सोनोग्राफीसाठी नाशिकला जावे लागले तरी जावे.

उपचार एकच नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, संप्रेरक असलेली तांबी नसलेली कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवतात. मूल हवे असेल तर नुसती गाठ काढता येते. पिशवी काढणे हा शेवटचा इलाज.

हे जोर देऊन सांगण्याचे कारण बीड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून तरण्या बायकांनीही "एकदाची काढून टाका" म्हटले. काहींना कर्करोगाची भीती घातली गेली. आपल्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, खाडा तिथेही परवडत नाही. तिथेही तसेच झाले असे आम्ही म्हणत नाही. पण नड तीच आहे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर लगेच पाळी जाते, अंगाची लाही होते, पुढे हाडे ठिसूळ होतात. म्हणून कोणी ऑपरेशन सांगितले तर विचारावे: गाठ केवढी, कुठे आहे, गोळ्यांनी भागेल का, बीजकोश ठेवणार ना? आणि सही किंवा अंगठा करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवावेत. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

मागच्या बैठकीत काही भगिनींनी विचारले, झाडपाल्याने गाठ विरघळते का? विरघळल्याचा पुरावा नाही, आणि औषध घेत बसण्यात वर्ष जाते, तेवढे रक्तही जाते. दुसरा प्रश्न पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या आजीबाईंचा होता. त्यांना पुन्हा रक्त दिसले तर ती गाठच असेल असे समजू नये. थेंबभर दिसले तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.