चौदा विद्या, चौसष्ट कला आणि एक संगणक

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

 

आरती झाल्यावर आणि जेवणाआधी बोलायला उभे राहणे हे धाडसाचे काम आहे. आतून मसालेभाताचा वास येतो आहे, तेव्हा मी वेळेत थांबेन, काळजी नसावी.

गेल्या वर्षी मखराचे काम चालू असताना आपल्या एका सभासदांची दहावीतली मुलगी मला म्हणाली, "काका, मला चित्रं काढायला आवडतं आणि प्रोग्रॅमिंगपण शिकायचंय. बाबा म्हणतात, एक काय ते धर. दोन्ही नाही का शिकता येणार?" मी तिला "विचार करून सांगतो" म्हणालो. वर्ष झाले, आज सांगतो. इतका वेळ घेतला, कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी घाईने चुकीचे उत्तर दिले होते.

2001 सालची गोष्ट. बारावीची परीक्षा देऊन माझी भाची सांगलीहून इथे चेन्नईला सुट्टीसाठी आली होती. रांगोळी, भेटकार्डे, अक्षरे, सगळ्यांत तिचा हात चालायचा. म्हणाली, "मामा, मला कॉम्प्युटर शिकव." मी सॉफ्टवेअरमधला माणूस, उत्साहाने 'सी' भाषेचे जाडजूड पुस्तक उघडले आणि चौथ्या दिवशी पॉइंटरपर्यंत पोचलो. पाचव्या दिवशी ती शिकायला बसलीच नाही. मी ताईला फोनवर सांगितले, "हिचा पिंड कलाकाराचा आहे. प्रोग्रॅमिंग हिच्या डोक्याबाहेरचं." ती शेजारच्या खोलीतच होती, हे माझ्या लक्षात आले नाही.

पुढे तिने कमर्शिअल आर्ट केले आणि पुण्यात एका छोट्या छापखान्यात डीटीपीचे काम धरले. 2016 मध्ये एका शाळेची चारशे प्रशस्तिपत्रके तिच्याकडे आली. प्रत्येकावर वेगळे नाव, आणि नाव लांब असेल तर अक्षर लहान करून ते एका ओळीत बसवायचे. हाताने करायचे तर दोन रात्री. तिला कोणीतरी सांगितले की, पाने मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटी आज्ञावली लिहून हे काम करून घेता येते. तिने उदाहरणे बघून बघून ती लिहिली. पहिल्या प्रयत्नात चारशेच्या चारशे पत्रकांवर एकाच मुलाचे नाव! रात्री अकराला फोन आला, "मामा, पुढचं नाव का घेत नाही रे हे?" आकडा एकाने वाढवायची ओळ राहून गेली होती. मी सांगणार, एवढ्यात तीच म्हणाली, "थांब, सापडलं."

मुलगी तीच, डोके तेच. फरक एवढाच की, या वेळी तिच्यासमोर पुस्तक नव्हते, स्वतःचे काम होते. पंधरा वर्षांपूर्वी तिला प्रोग्रॅमिंग जमत नव्हते असे नाही, मला शिकवता येत नव्हते. पण शिक्का बसला तो तिच्यावर. तो मी मारला होता, हे आज चारचौघांत कबूल करतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या लांबच्या आहेत का? आपण चेन्नईकरांनी रोज सकाळी दाराबाहेर बघावे. आपल्याकडे ठिपके जोडून रांगोळी काढतात. इथल्या सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्यांना वळसे घालत फिरते आणि पुन्हा निघाली तिथे येऊन मिळते. शेजारच्या मामी हे कागदात न बघता काढतात, कारण त्यांना वळणांचा क्रम पाठ असतो आणि तोच तुकडा चारही बाजूंना फिरवायचा, हे ठाऊक असते. क्रम, पुनरावृत्ती आणि नियम म्हणजेच प्रोग्रॅमिंगचा पाया. हे फक्त माझे म्हणणे नाही. याच शहरातल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन या संशोधकांनी 1974 मध्येच शोधनिबंध लिहून दाखवले होते की, कोलमची चित्रे संगणकशास्त्रातल्या व्याकरणाच्या नियमांनी तयार करता येतात.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी अक्षरांचे. 'कि' टाइप करताना आपण आधी क देतो, मग पहिली वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी डावीकडे उभी राहते. 'मार्गी' लिहिताना र् आधी येतो आणि रफार बसतो शेवटी, 'गी'च्या डोक्यावर. ही जागांची अदलाबदल कोणी करते? काही नियम फाँटमध्ये लिहिलेले असतात, काही अक्षरे मांडणाऱ्या प्रणालीत. म्हणजे देवनागरी फाँट करणाऱ्याला अक्षराचे वळण कळून भागत नाही, नियमही कळावे लागतात. विंडोजमधला 'मंगल' फाँट आपण सर्वांनी वापरला आहे. तो र. कृ. जोशी यांनी रेखाटला. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेला आणि नंतर आयआयटी मुंबईत शिकवणारा हा माणूस. बोरूने अक्षर काढणारा त्यांचा हात संगणकापाशी येऊन थांबला नाही.

उलट दिशेने आलेला माणूस म्हणजे डोनाल्ड क्नुथ. संगणकशास्त्रातले हे फार मोठे नाव. 1977 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते नाराज झाले. छपाई त्यांना कुरूप वाटली. म्हणून त्यांनी पाने मांडणारी 'टेक' आणि अक्षरे घडवणारी 'मेटाफाँट' या प्रणाली स्वतः लिहिल्या. लवकर आटपेल असे वाटलेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले. इंग्रजी 'एस' या एका अक्षराच्या वळणाने त्यांना इतके छळले की, त्यावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. आणि अक्षरांच्या बाबतीत ते हरमान झाफ यांच्यासारख्या मुरलेल्या अक्षरकारांकडून शिकले, हे मला विशेष वाटते.

मग कोणालाही दोन्ही शिकता येते का? माझे उत्तर आहे, हो, कामापुरते नक्की येते. 'कामापुरते' हा शब्द मात्र सोडू नका. दोन्हींत पारंगत व्हायला आयुष्य लागते आणि मोठ्या कंपन्यांत ही कामे वेगवेगळी माणसेच करतात. माझ्या भाचीला आजही पॉइंटर येत नाहीत आणि मला आजही सरळ कमान रंगवता येत नाही, मखराकडे बघून आपल्या लक्षात आलेच असेल. पण एकमेकांचे काम समजते, चुकले कुठे ते दिसते, हे काही थोडे नाही.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की प्रोग्रॅमही लिहून मिळतो आणि चित्रही. खरे आहे, मीही वापरतो. पण आलेला प्रोग्रॅम चुकीचा आहे हे कोण ओळखणार? चित्रातल्या 'श्री'चे वळण बिघडले आहे हे कोणाच्या डोळ्याला खटकणार? मागणे यंत्राकडे करता येते, पारख आपलीच लागते. ती हाताने केल्याशिवाय येत नाही.

घरी करून बघायचे असेल, तर 'लोगो' ही मुलांसाठी 1967 मध्ये तयार झालेली भाषा घ्या, किंवा चित्रकारांसाठी 2001 मध्ये निघालेली 'प्रोसेसिंग'. ती मोफत मिळते. लोगोमध्ये सांगा, पुढे जा, 90 अंशांत वळ. असे चार वेळा. चौरस झाला. आता प्रत्येक चौरसानंतर 45 अंश वळायला सांगून आठ चौरस काढा. आठ पंचेचाळीस तीनशे साठ, फेरी पूर्ण, आणि पडद्यावर पाकळ्यांची रांगोळी. मग 45 च्या जागी 44 घालून बघा. काय बिघडले ते शोधण्यातच निम्मे शिक्षण आहे. आधी तीच रांगोळी कागदावर काढली असेल तर फारच उत्तम. रोज अर्धा तास पुरे, पण काम आपल्या आवडीचे हवे.

पालकांना एकच विनंती. मूल पाचव्या दिवशी उठून गेले तर पुस्तक बदला, शिक्षक बदला, उदाहरण बदला. "हे तुझ्या डोक्याबाहेरचं" एवढे मात्र म्हणू नका. शेजारच्या खोलीत ऐकू जाते.

आपला गणपती चौदा विद्या आणि चौसष्ट कला या दोन्हींचा अधिपती. त्याने त्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या नाहीत, तर आपण का ठेवाव्या? पुढच्या वर्षीच्या स्पर्धांची प्रशस्तिपत्रके आपल्या मुलांनीच रेखाटावी आणि त्यांवर नावेही त्यांनीच लिहिलेल्या आज्ञावलीने छापावी, असे मी कार्यकारिणीला सुचवतो. सगळ्यांवर एकच नाव आले, तरी रागावू नका.

आणि त्या मुलीला, जी आत्ता तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे, माझे उत्तर पोचले असे समजतो. बाबांशी मी जेवताना बोलतो. चला, पाने मांडली आहेत.