दुसऱ्याच्या ओसरीवरची बातमी



ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळ जंगलातला वणवा येऊन ठेपला. १६ ऑगस्टला शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला. सुमारे वीस हजार माणसं. कुठला रस्ता चालू आहे, विमान कधी सुटणार, हे कळणं त्या घडीला भाकरीपाण्याइतकंच गरजेचं होतं. सीबीसी ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था बातम्या देत होती. पण फेसबुकवर त्या दिसत नव्हत्या. लोक बातमीचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते.

त्याचं कारण असं. बातम्यांबद्दल मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी माध्यमांना मोबदला द्यावा, असा कायदा कॅनडानं त्याच वर्षी जूनमध्ये केला. जाहिरातींचा पैसा या कंपन्या घेऊन गेल्या, ही वृत्तपत्रांची तक्रार खोटी नव्हती. 'आम्ही तर तुमच्या दारात फुकट गिऱ्हाईक आणून सोडतो,' असं कंपन्यांचं म्हणणं. फेसबुकच्या मेटा कंपनीनं पैसे देण्याऐवजी १ ऑगस्टपासून बातम्याच बंद करायला सुरुवात केली. गुगलनं मात्र वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यात सीबीसीचा वाटा जास्तीत जास्त सात टक्के ठरला.

ऑस्ट्रेलियात हेच नाट्य आधी घडलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकनं बातम्या रोखल्या, तेव्हा हवामान खात्याचं पानही त्यात सापडलं. पुढं तडजोड झाली. एबीसी या सार्वजनिक संस्थेनं मिळालेल्या पैशातून ग्रामीण भागात पन्नासहून अधिक पत्रकार नेमले. काम चांगलंच झालं. पण मार्च २०२४ मध्ये मेटानं सांगून टाकलं, हे करार आम्ही पुन्हा करणार नाही.

आता प्रश्न असा, की ज्याच्या कारभाराची झडती घ्यायची, त्याच्याच थैलीतून पगार होत असेल तर बातमीदाराची लेखणी अडखळणार नाही का? आणि थैलीचं तोंड आवळलं, तर त्या गावांची खबर कोण देणार?

आम्ही मुशायऱ्याची माणसं. मंच यजमानाचा असतो, बोलावणंही त्याच्या मर्जीवर. कवीचं त्यात निभावून जातं. त्याची गझल राहिली म्हणून कुणाचं घर जळत नाही. बातमीचं तसं नाही.

लोक जिथं जमतात तिथं सार्वजनिक प्रसारकानं जावंच. फेसबुकवर जावं, यूट्यूबवर जावं. मात्र दुसऱ्याच्या ओसरीवर बसताना आपलं घर मोडू नये. स्वतःचं प्रक्षेपण केंद्र, स्वतःचं संकेतस्थळ आणि गावोगावचा बातमीदार, हे जनतेच्या पैशातून, कायद्यानं बांधलेल्या तरतुदीतून उभं राहायला हवं. कंपन्यांकडून मोबदला आला तर तो सामायिक निधीत जावा आणि त्याची वाटणी कंपनीच्या हाती नसावी.

हा खर्च जड वाटेल. पण वणवा वेशीशी आल्यावर आकाशवाणीसारख्या केंद्रावरून बोलणाऱ्या निवेदकाला कुणा मालकाची परवानगी मागावी लागत नाही, हे त्या खर्चाचंच फळ आहे.