काय ठरलं, ते कुठे लिहिलंय?

आजचा विषय तुमच्या खिशात आत्ताही वाजत असेल: घरून काम करणाऱ्या टीममधला मेसेजचा पूर.

आमची टीम विखुरलेली आहे. मी साताऱ्यात, दोघं पुण्यात, एक मैत्रीण नागपूरला, एक जण टोरांटोला. नागपूरची मैत्रीण वडिलांच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजेवर होती. परतली तेव्हा ग्रुपवर सहाशेच्या वर मेसेज. गुड मॉर्निंग, अंगठे, 'ओके', आणि त्यातच कुठेतरी क्लायंटने बदललेली तारीख. ती म्हणाली, "आता रजा घ्यायचीच धास्ती वाटते रे."

मला वाटतं, प्रश्न नुसत्या संख्येचा नाही. गप्पा आणि निर्णय एकाच टोपलीत पडतात, म्हणून सगळ्यांना सगळंच वाचावं लागतं. ऑफिसात शेजारच्याला विचारता येतं, "काय ठरलं?" घरी तो शेजार नसतो.

हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्येच सांगून ठेवलंय, की माहिती माणसाचं लक्ष खाते. माहिती वाढली की लक्ष तुटपुंजं पडतं. आणि गिटलॅब ही कंपनी बघा. तिथले लोक वेगवेगळ्या देशांतून रिमोट काम करतात. त्यांची पद्धत अशी, की बदल आधी हँडबुकमध्ये लिहायचा, मग त्याची लिंक पाठवायची. ते हँडबुक नेटवर कोणीही वाचू शकतं.

आम्ही यातून तीन नियम केले.

एक, निर्णयांची एकच शेअर्ड फाइल. तारीख, काय ठरलं, कोण करणार, एका ओळीत. फाइलमध्ये नाही, म्हणजे ठरलेलं नाही.

दोन, खरंच अर्जंट असेल तर फोन. बाकी उत्तर आपापल्या कामाच्या वेळेत. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा टोरांटोत रात्र असते, हे विसरायचं नाही.

तीन, 'सगळ्यांनी बघून घ्या' बंद. ते कोणीच बघत नाही. नाव लिहा, काम लिहा, कधीपर्यंत ते लिहा.

यात एक मेख आहे. फाइल लिहिणार कोण? बोललं नाही तर ते काम गुपचूप सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या गळ्यात पडतं. म्हणून दर आठवड्याला पाळी बदलायची. मॅनेजरचीसुद्धा!

हा भाग संपला की टीममध्ये एवढंच विचारा: "गेल्या आठवड्यात आपलं काय काय ठरलं?" उत्तर शोधायला सगळ्यांना स्क्रोल करावं लागलं, तर फाइल आजच उघडा. भेटू पुढच्या भागात!