कॉलेजची तयारी जूनपासून

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, चामोर्शी या भागांत यंदा बारावीत गेलेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी मला आज बोलायचं आहे. शहरातल्या मुलांना कॉलेजची वाट दाखवणारी माणसं घरातच असतात. गोमणी, लगाम, सुंदरनगर या गावांत कित्येक घरांतून कॉलेजात जाणारं हे पहिलंच मूल असतं. म्हणून आज नुसत्या शुभेच्छा न देता जून ते पुढच्या ऑगस्टपर्यंत काय काय करायचं ते सांगतो.

माझं मुख्य म्हणणं आधी सांगून टाकतो. आपल्याकडची बरीच मुलं कॉलेजला मुकतात ती गुण कमी पडल्यामुळे नाही. एखादा कागद वेळेत हाती नसतो, नाहीतर एखादी तारीख हुकते. आणि तारखा हुकण्याचं एक कारण आपल्या भागाचंच आहे. आपलं वर्ष धान आणि जंगल यांच्या हिशेबानं चालतं, प्रवेशाचं वर्ष मुंबईहून ठरतं. रोवणी, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता आणि पूर या आपल्या धांदलीच्या वेळा नेमक्या परीक्षा-प्रवेशाच्या तारखांवर येऊन पडतात. ही दोन्ही वेळापत्रकं आधीच शेजारी मांडून बघितली, तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

सुरुवात जूनमध्ये करायची. शाळा उघडली, रोवणीची लगबग सुरू झाली की एका संध्याकाळी घरात बसून एवढंच ठरवा : बारावीनंतर कोणत्या दिशेला जायचं, आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा आहे का. अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. एमबीबीएस, बीएएमएस यांसाठी नीट. बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी सीईटी, पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला वेगळी, आणि २०२४ पासून बीसीए, बीबीए यांनाही सीईटी आहे. बी.ए., बी.कॉम., साधी बी.एस्सी. यांना बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो.

कला शाखेच्या मुलांनो, आपल्यापुढे बी.ए.शिवाय काही नाही असं मनात आणू नका. कायदा कोणत्याही शाखेतून करता येतो. भामरागडचे लालसू नोगोटी माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत ते शिकले, आणि ती शाळा १९७६ मध्ये जंगलातच सुरू झालेली आहे. शिक्षक व्हायचं असेल तर डी.एल.एड. आहे. आरोग्यसेवेत जायचं असेल तर एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलींनाही खुले आहेत. विज्ञानात गणित घेतलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. कोनसरीचा कारखाना आणि सुरजागडची खाण यांच्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना माझा आग्रह आहे की बारावीवर मिळेल ते काम धरण्याआधी पदविकेचा विचार करा. काम तेच असलं तरी पदविकाधारकाची जागा वरची असते.

फार लांब जायची गरजही उरलेली नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीच ते उभं राहिलं. गडचिरोलीत शासकीय पॉलिटेक्निक आहे, कृषी महाविद्यालय आहे. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे. गडचिरोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये शंभर जागांनी सुरू झालं. ज्या जिल्ह्यातून डॉक्टर व्हायला नागपूर गाठावं लागायचं, तिथेच आता डॉक्टर तयार होणार आहेत. त्या शंभरांत मुलचेऱ्याची मुलं का नसावीत?

आता कागदांकडे वळू. हे काम दिवाळीच्या आत झालंच पाहिजे. जातीचा दाखला असणं एक आणि जात वैधता प्रमाणपत्र असणं वेगळं. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल, तर वैधता लागतेच. ती एका दिवसात मिळत नाही. जातीचे दावे तपासणारी समिती जुने पुरावे मागते, शंका आली तर दक्षता पथकाकडून गावात चौकशी होते, यात महिने जातात. अनुसूचित जमातीच्या दाव्यांसाठी तपासणी समितीचं कार्यालय गडचिरोलीतच आहे. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानं अर्ज करा, आणि तो बारावीच्या सुरुवातीलाच करा.

पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आधीचा आणि इतर मागास वर्गासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा भक्कम मानला जातो. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद, यांच्या नकला तहसील कार्यालयातून आणि शाळेतून मिळवा. वडिलांना, काकांना किंवा सख्ख्या भावाबहिणीला आधी वैधता मिळाली असेल, तर तुमचं काम बरंच सोपं होतं. त्यामुळे आधी घरात आणि भावकीत चौकशी करा.

साठच्या दशकात पूर्व बंगालमधून येऊन इथे वसलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही सांगतो. ज्यांची जात महाराष्ट्राच्या आरक्षणाच्या यादीत नाही, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र मिळतं का ते तहसील कार्यालयात विचारावं. अधिवास प्रमाणपत्र तर सगळ्यांनीच काढून ठेवावं. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गातल्या मुलांना नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशासाठीचा नवा दाखला एप्रिलमध्ये काढायचा.

आणि नाव. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. आत्राम, मट्टामी, मंडल, विश्वास ही नावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. संगणकाला ती वेगवेगळी माणसं वाटतात, आणि शिष्यवृत्ती तिथेच अडकते. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या.

अभ्यासाचं बोलू. कापणी-चुरणीच्या दिवसांत शेतावर हात लागतात, हे मला ठाऊक आहे. पण पालकहो, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत या एका मुलाला सकाळचे तीन तास तरी मोकळे द्या. विज्ञान विषयांना ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात, म्हणजे प्रयोगवही वेळेवर पूर्ण करणाऱ्याचे गुण जवळजवळ हातात आलेले असतात. सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीवर आणि ऐंशी टक्के बारावीवर येतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं तर एक गुण जातो, तिथे अंदाजानं खुणा करू नका.

महागडा क्लास परवडत नाही म्हणून खचू नका. सीईटीचा पाया राज्य मंडळाचीच पुस्तकं आहेत, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. नेटवर्क असेल त्या दिवशी उतरवून ठेवा. मात्र सीईटी संगणकावर होते. ज्यानं आयुष्यात माऊस हाती धरलेला नाही, त्याची पहिली दहा मिनिटं गोंधळात जातात. शाळेच्या संगणकावर किंवा ग्रामपंचायतीच्या केंद्रात बसून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षा आधी देऊन पाहा.

अर्ज भरायचे दिवस साधारण डिसेंबर ते मार्च. इथे एक गोष्ट अगदी नेमकी सांगतो. अर्ज भरायला तुम्ही सेतू केंद्रात किंवा संगणकाच्या दुकानात जाता, आणि पुष्कळदा मोबाईल नंबर आणि ईमेल त्या दुकानदाराचाच टाकला जातो. पुढे ओटीपी त्याच्याकडे, निरोप त्याच्याकडे, आणि तुम्हाला काहीच कळत नाही. नंबर घरातलाच द्या, आणि वर्षभर तो बदलू नका. ईमेल स्वतःचा उघडा. पासवर्ड, अर्ज क्रमांक एका वहीत लिहा आणि ती वही कागदांच्या पिशवीतच ठेवा. परीक्षा केंद्र निवडताना जिथे मुक्कामाची सोय आहे असं शहर निवडा. सकाळची परीक्षा असेल, तर आदल्या दिवशीच्या एसटीनं निघायचं. त्याच दिवशी पहाटे निघून वेळेत पोहोचण्याचा भरवसा आपल्या रस्त्यांवर धरता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचं असतं, एप्रिलअखेरपासून मे महिनाभर तेंदूपत्ता. सीईटी त्याच दिवसांत होते, आणि नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी. घरातले सगळे पहाटे जंगलात जातात, तेव्हा परीक्षा देणारं मूलही सोबत जातं. पालकांना माझी विनंती आहे की त्या तीन-चार आठवड्यांपुरतं त्याला या कामातून सोडा. आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीतला एक भाग प्रवेशासाठी बाजूला काढा. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे उशिरा येतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांचं खाणं, प्रवास, पुस्तकं यांची सोय घरालाच करावी लागते. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. त्यांनी त्या निधीतून गावातल्या मुलांच्या परीक्षेच्या प्रवासखर्चाचा ठराव केला, तर कोणाही एका घरावर भार पडणार नाही.

निकालानंतर प्रवेश फेऱ्या सुरू होतात, त्या साधारण जून ते ऑगस्ट चालतात. म्हणजे भर पावसाळा. दिना नदीला पूर आला, नाल्यावरून पाणी गेलं की रस्ता बंद, वीज नाही, टॉवर बंद. आणि नेमकी त्याच दिवशी जागा स्वीकारायची शेवटची तारीख. जागा वेळेत स्वीकारली नाही, तर ती हातची जाते. याला उपाय एकच. पाऊस लागायच्या आत मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स तयार ठेवा, आणि गडचिरोली, अहेरी किंवा चंद्रपूरला राहणाऱ्या एका विश्वासू नातेवाइकाला किंवा शिक्षकाला अर्जाची माहिती देऊन ठेवा. फेरीच्या दिवसांत जमेल तर तिथेच मुक्कामाला जा. पसंतीक्रम भरताना खऱ्या आवडीचंच कॉलेज वर लिहा, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं तर ते घ्यावंच लागतं.

खर्चाची भीती पुष्कळांना घरीच थांबवते, म्हणून योजनांची नावं लिहून घ्या. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आहे, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून खात्यावर येतो. आणि मुलींच्या पालकांनी हे खास ऐकावं : २०२४-२५ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला असेल, तर पात्र प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. मुलीला बाहेर पाठवायची काळजी वाटणं साहजिक आहे. आधी वसतिगृह स्वतः जाऊन पाहा, गृहपालांशी बोला, मग ठरवा. पण न पाहताच नाही म्हणू नका.

शेवटचं सांगणं, आज कॉलेजात असलेल्या मुलामुलींना. हा सगळा रस्ता तुम्ही नुकताच चालून गेला आहात. कोणता कागद कुठे अडला, कोणत्या खिडकीवर किती दिवस लागले, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. दिवाळीला गावी याल, तेव्हा गावातल्या बारावीच्या मुलांना एकत्र बसवा आणि त्यांचे कागद एकेक करून तपासा. जे कमी असतील त्यांची यादी करून त्या मुलांच्या हाती द्या. आणि बारावीतल्या मुलांनो, ते आले नाहीत तर तुम्ही त्यांच्या घरी जा, विचारायला लाजू नका. एका गावातून एक मूल कॉलेजात गेलं आणि त्यानं पुढच्या दोघांना तयार केलं, तर काही वर्षांत मुलचेरा तालुक्यातल्या कोणत्याच घराला हा रस्ता अनोळखी राहणार नाही.