संहिता वाचून झाली, आता पुढे काय?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. कॅमेऱ्याशी आमचा संबंध फोटो काढून घेण्यापुरताच. तरीही आपल्या विद्यार्थ्यांनी लघुपटाची संहिता लिहिली, मित्रमंडळींत वाचून दाखविली, आणि 'आता पुढे काय?' असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आम्हाला बोलावयास सांगितले. कला शाखेची पदवी आणि काउंटरवरचा अनुभव, एवढीच आमची शिदोरी आहे.

संहिता थोडक्यात अशी. घनसावंगी तालुक्यातली एक मुलगी जालन्यात खोली करून शिकते. आईवडील ऊसतोडीला गेलेले. शिष्यवृत्ती जमा झाली असे संगणक सांगतो, पासबुकात मात्र काहीच नाही. ती बँकेत जाते, कारकून खेकसतो, मुलगी रडते आणि लघुपट संपतो.

वाचनानंतर अभिप्रायांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, कारकून आणखी दुष्ट करा. कोणी म्हणाले, गाणे घाला. एकाने सुचविले की शेवटी मुलीने बाबासाहेबांच्या विचारांवर भाषण करावे. मग जिची शिष्यवृत्ती खरोखरच अडकली होती अशी एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "रडायला वेळ कुठं असतो? मी त्या दिवशी तीन चकरा मारल्या."

मित्रहो, आमच्या मते संहितेची पुढची वाट या एका वाक्याने दाखविली. आपल्या माणसांना पडद्यावर रडताना पाहण्याची जगाला सवय झाली आहे. ती चकरा मारते, विचारते, कागद जमविते, हे दाखवावयाचे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की अभिप्रायांची वही करावी आणि तिला दोन रकाने पाडावेत. एकात ऐकणारा कुठे अडला ते लिहावे, दुसऱ्यात त्याने सुचविलेला उपाय. तीन माणसे एकाच जागी अडली, तर तिथे दुरुस्ती हवीच. उपाय मात्र लेखकाने स्वतः शोधावा. वाचन चालू असताना लेखकाने उत्तर देऊ नये. जे तोंडाने समजावून सांगावे लागते, ते कागदावर उतरलेले नाही असे समजावे.

'कारकून आणखी दुष्ट करा' हेच घ्या. तक्रार खरी होती, गोष्टीत जोर नव्हता. उपाय मात्र दुसरा निघाला. आधारच्या मार्गाने येणारी रक्कम, आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेतील खात्याशी जोडला गेला, तिथे जाते. या मुलीचे शाळेत असताना दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते. पैसे तिथे पडून आहेत. त्या खात्याला वडिलांचा मोबाईल जोडलेला, आणि वडील उसाच्या फडात. म्हणजे पैसा तिच्याच नावावर आहे, फक्त तिच्या हाताला लागत नाही. आता कोणाला दुष्ट करण्याची गरजच उरली नाही आणि मुलीच्या चकरांना अर्थ आला.

भाषणाच्या सूचनेबद्दल सांगावयाचे, तर नागराज मंजुळे यांचा 2013 चा 'फँड्री' आठवावा. बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेबांचे आणि इतर थोरांचे चित्र आहे. कोणी एक शब्द बोलत नाही, तरी पाहणाऱ्याच्या काळजाला भिडते. याच मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका मुलाची ती पंधरा मिनिटांची गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या ओळखीचे जग आणि आपल्या आवाक्यातली गोष्ट एवढ्या भांडवलावर विद्यार्थ्यालाही काम करता येते, हे त्यावरून दिसते.

आता निर्मितीकडे वळू. दुरुस्त संहितेवर तारीख घालावी आणि त्यानंतर अभिप्राय घेणे थांबवावे. मग प्रत्येक प्रसंगासमोर चार गोष्टी लिहाव्यात : जागा, माणसे, वस्तू आणि दिवस की रात्र. हा तक्ता तयार झाला की खर्च आपोआप कळतो. एका जागेचे सर्व प्रसंग एकाच दिवशी घ्यावेत, मग ते गोष्टीत कुठेही असोत.

या तक्त्यातून कधी गोष्टही सुधारते. चालू बँकेत चित्रीकरणाची परवानगी सहज मिळत नाही. मग प्रसंग दाराबाहेर घ्यावा. रांग दिसावी, हातातले पासबुक दिसावे, कारकुनाचा फक्त आवाज यावा. चेहराच नाही, त्यामुळे त्याला दुष्ट दाखविण्याचा प्रश्नही मिटला.

उसाचा फड दाखवावयाचा तर हंगाम सांभाळावा लागेल. ऊस कोणासाठी थांबत नाही. सत्यजित राय 'पथेर पांचाली' करीत होते, तेव्हा जाहिरात संस्थेत नोकरीला होते आणि सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करीत. काशफुलांच्या शेतातला प्रसंग अर्धा झाला, पुढच्या खेपेला गेले तर गुरांनी फुले खाऊन टाकलेली. पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले. 1952 साली सुरू झालेला तो चित्रपट 1955 साली पडद्यावर आला. नोकरी सांभाळून काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संहितेत मुलीचा दहा वर्षांचा भाऊ आहे. चौदा वर्षांखालील मुलाला चित्रीकरणात घ्यावयाचे, तर 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत गेला पाहिजे. मुलांच्या हक्कांवर लघुपट करणाऱ्यांनी तरी हा नियम कसोशीने पाळावा.

मोबाईलवर चित्र चांगले येते, पण आवाजासाठी वेगळा माइक घ्यावा. लोक अंधुक चित्र एक वेळ सहन करतात, न समजणारे बोलणे सहन करीत नाहीत. खर्चाची वही रोजच्या रोज लिहावी आणि सर्वांना पाहू द्यावी. पैशावरून मने दुरावली की चित्रीकरण अर्ध्यावर राहते.

शेवटची विनंती. लघुपट तयार होताच स्पर्धेला पाठविण्याची घाई करू नका. पहिला खेळ 'रडायला वेळ कुठं असतो' म्हणणाऱ्या त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या मैत्रिणींना दाखवा. 'असंच होतं' असे त्या म्हणाल्या, तर मग तो कुठेही पाठवा.