शंकेची नोंद

आज पीएच.डी. मिळवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जणांनी हस्तलिखितशास्त्र आणि डिजिटल संपादन या विषयांत प्रबंध लिहिले आहेत. आज मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. संहिता पूर्ण व्हायला १९६६ उजाडले. त्या कामातले पाठतुलनेचे तक्ते मला विलक्षण वाटतात. आडव्या-उभ्या रेघांचा फुलस्केप कागद. वर प्रचलित संहितेचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. अक्षर वेगळे असेल तर ते नेमके त्याच्या चौकटीखाली भरायचे. उजवीकडे शेऱ्यांचा रुंद रकाना. समासात काय लिहिले आहे, कुठे दुरुस्ती आहे, सगळे तिथे टिपायचे. शास्त्री आणि पदवीधर वर्षानुवर्षे हे करत राहिले.

एवढी मेहनत घेऊनही जिथे पाठाची पुरती खात्री पटली नाही, तिथे या आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी छापील अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. पाठ स्वीकारला आहे, पण तो डळमळीत आहे, हे त्यांनी वाचकापासून लपवले नाही. मला ही रेघ संपादनातली सर्वांत मोठी सचोटी वाटते.

पुढे क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी हे महाभारत संगणकावर आणले आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो पाठ तपासून सुधारला. त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. मात्र आज जगभर वापरल्या जाणाऱ्या त्या पाठात तळाचे पाठभेद नाहीत आणि ती रेघही नाही. विद्यार्थी शब्द शोधतो, क्षणात मिळवतो, उद्धृत करतो. संपादकाची शंका त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

ती पोचवणे हे तुमच्या पिढीचे काम आहे, आणि साधने तुमच्या हाताशी आहेत. टीईआय या संगणकीय संकेतप्रणालीत वाचन कोणी ठरवले आणि ते किती खात्रीचे आहे, दोन्ही नोंदवता येते. कंटाळा येतो म्हणून या नोंदी सोडू नका.

पोथीशी नातेही तोडू नका. लेखनिकाने चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवे अक्षर लिहिलेले असते. काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्ममध्ये तो पिवळा रंग कागदात मिसळून जातो. पोथी उजेडात जरा तिरपी धरली की लेप उठून दिसतो, कधी खालचे अक्षरही लागते.

आता यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांच्या रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचा, पसारा पाहता ते व्हायलाच हवे. पण यंत्र शिकणार तुम्ही लिप्यंतर केलेल्या पानांवरून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. तिथे तुम्ही अंदाजाने लावलेले आडनाव खात्रीचे म्हणून भरलेत, तर यंत्र तोच अंदाज हजारो कागदांवर गिरवील. आणि जमिनीचा किंवा वतनाचा कागद घेऊन कोणी तुमच्याकडे आला, तर न लागलेले अक्षर लागले नाही असे त्याला स्पष्ट सांगा, तो कितीही आशेने आलेला असला तरी.

विद्यापीठांनाही माझी एक विनंती आहे. चिकित्सक संपादनाला प्रबंधाइतकाच मान द्या, आणि त्यासाठी लागणारी वर्षे या मुलांना द्या.