रोजा आणि लांब पल्ल्याची दौड

४ ऑगस्ट २०१२ ची रात्र. लंडनच्या ऑलिंपिक मैदानावर दहा हजार मीटरची अंतिम शर्यत सव्वानऊ वाजता सुरू झाली. सूर्य मावळून जेमतेम अर्धा तास झाला होता आणि महिना रमजानचा होता. सोमाली वंशाचा ब्रिटिश धावपटू मो फाराह याने २७ मिनिटे ३० सेकंदांत ती शर्यत जिंकली. तो श्रद्धाळू मुसलमान. परंतु स्पर्धेच्या काळात त्याने रोजे ठेवले नव्हते. राहिलेले रोजे मागाहून पूर्ण करावयाचे, असे त्याने ठरविले होते.

या निर्णयामागील अडचण समजून घ्यावयाची, तर शरीराचा जमाखर्च पाहिला पाहिजे. रमजानचा रोजा हा निर्जळी उपवास होय. पहाटेच्या सहरीनंतर सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोटही नाही. धावपटूचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा. यकृतातील साठा थोडा; तो काही तासांतच ओसरू लागतो. चरबी विपुल असली, तरी केवळ तिच्या बळावर वेग टिकत नाही. त्याहून बिकट प्रश्न पाण्याचा. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातील सव्वा लिटर पाणी, म्हणजे वजनाच्या सुमारे दोन टक्के, कमी झाले की हृदयाचे ठोके वाढतात, अंगातील उष्णता बाहेर पडणे कठीण होते आणि दम लवकर तुटतो. शिवाय सहरीसाठी झोपमोड होते, ती निराळीच. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात ही सारी तूट भरून निघणे शक्य नसते.

म्हणून रोजा ठेवणारा खेळाडू निष्प्रभ होतो, असे मात्र नव्हे. आहार, झोप आणि सराव यांची घडी नीट बसविली, तर कसलेल्या खेळाडूची घट अल्पच राहते, असे अभ्यासकांना आढळले आहे. ती जाणवते मुख्यतः दीर्घ शर्यतीत, आणि तीही दिवस कलताना किंवा उन्हात. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. लंडनमध्ये हिवाळ्यातील रोजा लहान असतो. ऑगस्टमधील मात्र सोळा तासांहून मोठा.

कुराणाने आजारी व प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. स्पर्धेस निघालेला खेळाडू या सवलतीत बसतो किंवा कसे, यावर धर्मपंडितांचे एकमत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेतून कांस्यपदक मिळविणारा ब्रिटिश नौकापटू मोहम्मद स्बिही यानेही रोजे ठेवले नाहीत. त्यांच्या बदली त्याने मोरोक्कोतील गरजूंना अन्नदान केले. दुसरे कित्येक खेळाडू रोजा ठेवूनच मैदानात उतरतात. रोजा ठेवून मागे पडलेला आणि तो पुढे ढकलून जिंकलेला, अशा दोघांनीही आपला हिशेब प्रथम स्वतःच्या मनाशी चुकता केलेला असतो. तेथे प्रेक्षकाने न्यायाधीश होण्याचे कारण नाही.